उतारावर पुढे कोण?

दिगू,

आपला वाद मी जिंकलो. उताराला भ्यायला पाहिजे, हे आता घरात सगळ्यांना पटलंय. कबूल करायला तेवढा तू नाहीस.

वाद जिंकायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. सुनंदाशी मी जिंकत नाही, रिक्षावाल्याशी जिंकत नाही, तुझ्याशी तर कधीच नाही. आणि एकदाचा जिंकलो तो असा. आता बोरिवलीच्या घरात बसून तुझ्याशी बोलतोय आणि समोरून "काय थोरले, फुगलात?" असं कोणी म्हणत नाही.

थोरले. आपण साडू, तुझी मंजू आणि माझी सुनंदा सख्ख्या बहिणी. सुनंदा थोरली, म्हणून मी थोरला जावई. तू वयाने माझ्याहून मोठा असूनही धाकटा. सासूबाई होत्या तोवर घाटकोपरच्या त्या खोलीत पापलेटचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायचा आणि शेपटी तुझ्या. टोपी-टॉवेल आधी मला, नारळ आधी मला, फोटोत मध्ये मी. तू कधी तक्रार केली नाहीस. फक्त मला 'थोरले' म्हणायला लागलास, आणि वर अहो-जाहो. "या थोरले. बसा थोरले. अगं, थोरल्यांना काटा लागला बघ, वारा घाल." खरंच काही सांगायचं असलं की मात्र गुपचूप 'तू'वर यायचास. त्यावरूनच मला कळायचं की आता ऐकायला हवं.

सायकल ही तुझी कल्पना, हे एकदा लिहून ठेवतो. माझं पोट आणि तुझं निवृत्तीचं वय एकाच सुमाराला दिसायला लागलं आणि तू म्हणालास की आता दोघांनी सायकली घ्यायच्या. तू मुलुंडला, मी बोरिवलीला, मध्ये अख्खं जंगल. मग रविवारी सकाळी आरे कॉलनीत भेटायचं ठरलं, कारण ते दोघांनाही सारखंच गैरसोयीचं होतं. तिथेच तुला माझा शोध लागला. पिकनिक पॉइंटच्या चढाला मी हूं की चूं न करता वर गेलो. तुला धाप लागलेली. "अरे वा, थोरले!" असं तू म्हणेपर्यंत पलीकडचा उतार आला आणि मी सायकलवरून खाली उतरून चालायला लागलो.

"काय झालं? पंक्चर?"

"नाही. उतार आहे."

"मग?"

"मग काय, उतार आहे."

तू हसून हसून रस्त्याच्या कडेला बसलास. तबेल्यातल्या म्हशीसुद्धा माना वळवून बघत होत्या. सगळं जग चढाला घाबरतं आणि उतारावर गाणी म्हणतं, माझं उलटं. मी तुला कितीदा समजावलं. चढावर पाय थांबवले की सायकल थांबते. म्हणजे कारभार माझ्या हातात. उतारावर मी काही केलं नाही तरी काहीतरी होतच राहतं, आणि दर क्षणाला जास्त होत राहतं. मला ते पसंत नाही. तुझं उत्तर ठरलेलं. "थोरले, आपण आता उतारवयात आहोत. पेडल मारायची गरजच नाही, नुसतं बसायचं." वर माझ्या सायकलची तपासणी. "चेन बघा, नवी कोरी. आणि ब्रेकचे रबर बघा, सपाट. तुम्ही सायकल चालवता की थांबवता?"

आणि मग एका रविवारी तू 'तू'वर आलास. म्हणालास, "हे बघ, मी पुढे होतो. तू माझ्या पाठीकडे बघ. खाली बघू नको, चाकाकडे बघू नको, फक्त माझी पाठ. मी जिथे जातो तिथे तू आपोआप येशील." मी बघितली. निळा टी-शर्ट, मध्ये घामाचा मोठा डाग, नकाशावरच्या बेटासारखा. तो डाग बघत बघत मी पहिल्यांदा पूर्ण उतार बसून उतरलो. खाली पोचलो तेव्हा माझी बोटं ब्रेकच्या दांड्यांना चिकटलेली होती. तूच एकेक करून सोडवलीस. तेव्हापासून नियम झाला. चढावर थोरले पुढे, उतारावर तू पुढे.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण तुझ्या डोक्यात गाव आलं. म्हणालास, आयुष्यभर गावाला एसटीने गेलो, मग गाडीने गेलो, एकदा सायकलने जाऊ. मी म्हटलं, जाऊ की, हायवेने सरळ महाड. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी बासुंदीत मीठ मागितलंय. तुला सरळ जायचंच नव्हतं. माळशेजने वर चढायचं, जुन्नर गाठायचं, मग मोठे रस्ते टाळत डोंगराच्या कडेकडेने मावळ, मुळशी, वेल्हे, भोर. वाटेत जे गाव लागेल तिथल्या देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर मुक्काम, मिळेल ती भाकरी. आणि शेवटी भोरवरून वरंधा घाट उतरून थेट तुझ्या अंगणात. दिवाळीनंतर, थंडी पडली की निघायचं.

वरंधा. ते नाव तू जेवणाच्या पानावर घेतलंस आणि माझा घास तिथेच थांबला. लहानपणी एकदा त्या घाटातून एसटीने उतरलो होतो. खिडकीबाहेर रस्ता नव्हताच, नुसतं खाली होतं.

तुझ्या फोनवर तू मला वाटेतल्या चढउतारांची ती रेघ दाखवलीस. रेघ वर जात होती, खाली येत होती, थोडी कुरकुरत होती, आणि अगदी शेवटी धाडकन तळाला. मी फोन हातात घेतला आणि उलटा धरला.

"आता बघ. शेवटी मस्त चढ आहे."

"थोरले, फोन उलटा केला की घाट उलटा होत नाही."

"मग आपण उलटे जाऊ. तुझ्या गावापासून सुरू करू, वरंधा चढू."

"आणि माळशेज उतरू?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन महिने त्यावर आपण भांडलो, दिगू. मुंबई सह्याद्रीच्या पायथ्याशी वसवली तो माणूस मला भेटला असता तर मी त्यालाही सोडलं नसतं. इथून निघालं की एकदा तरी चढावं लागतं आणि घरी यायचं तर एकदा तरी उतरावं लागतं. मी सगळे उपाय सुचवले. भोरला टेम्पो करू, सायकली मागे टाकू, खाली उतरून पुन्हा चालवू. तू म्हणालास, "टेम्पोच करायचा तर मुलुंडवरूनच करू ना. चेक नाक्यावर भरपूर उभे असतात." मी म्हटलं, मी चालत उतरतो. तू म्हणालास, "मग मी खाली पोचून, लग्न जमवून, बारसं करून तुमची वाट बघतो." मंजू आतून ओरडली, "कोणाचं लग्न?" आणि मग तिचं नेहमीचं सुरू झालं. दोन म्हातारे, चार गुडघे, एक धड नाही, आणि चाललेत घाटात. मी लगेच तिच्या बाजूने झालो. तू म्हणालास, "वरंध्याच्या तोंडाशी पोचू. वर टपऱ्या आहेत, कांदाभजी खाऊ, आणि तिथे ठरवू." वाद तिथे ठेवून आपण उठलो. तो अजून तिथेच, त्या न खाल्लेल्या भज्यांपाशी आहे.

मग तुला ताप आला.

डेंग्यू म्हणाले. मुलुंडमध्ये त्या दिवसांत घरोघरी तेच होतं, म्हणून आम्ही घाबरलो, पण शेजाऱ्यांइतकेच. ताप चढत होता. दिवसातून चारदा मंजूचा फोन, भाऊजी, अजून चढलाय. तुला दवाखान्यात दाखल केलं. आणि एका सकाळी तिचा आवाजच वेगळा. "भाऊजी, उतार पडला! घाम आला आणि उतरला सगळा!"

दिगू, आयुष्यात पहिल्यांदा मला तो शब्द गोड लागला. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'दिगूला उतार पडला आहे.' धडाधड जोडलेले हात आले, फुलं आली, कोणीतरी मोदक पाठवला. सुनंदाने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांनी त्याच सकाळी मंजूला बजावलं होतं की या तापात ताप उतरल्यानंतरचेच दिवस जपायचे असतात, खरं लक्ष आता ठेवायचं. त्यांनी नीट सांगितलं होतं. ती मला सांगायला विसरली नव्हती. मी ऐकलंही होतं. पण आपल्या भाषेत उतार पडला म्हणजे माणूस वाचला. लहानपणापासून कपाळावर हात ठेवून हेच ऐकत आलो. पुढचं वाक्य कानात शिरायला जागाच नव्हती.

दुपारी मी आलो तेव्हा तू उशीला टेकून होतास. चेहरा उतरलेला, पण डोळे तुझेच. मी म्हटलं, "काय, उतार आहे ना?"

तू म्हणालास, "थोरले, तुम्हाला उतार आवडायला लागला?"

मी हसलो. तू थोडा वेळ डोळे मिटून पडलास आणि मग न उघडता म्हणालास, "तू घाबरू नको रे."

'तू' म्हणालास. मी ऐकायला हवं होतं. मी म्हटलं, मी कशाला घाबरू, ताप तुला आलाय. सफरचंद कापत होतो. साल न तुटता निघते का बघत होतो.

संध्याकाळी तुझा रक्तदाब पडायला लागला. त्यांनी खूप केलं, दिगू, धावपळ मी डोळ्यांनी बघितली. पण ते आपोआप होत होतं, दर क्षणाला जास्त होत होतं, आणि कोणाच्या हातात ब्रेक नव्हता. मी जिन्यात कठडा धरून उभा होतो. अगदी दोन्ही हातांनी.

तेव्हापासून मी घाबरलेला आहे. म्हणजे पूर्वीही होतोच, पण पूर्वी त्या भीतीला एक जागा होती, पिकनिक पॉइंट ते खालचा तबेला. आता ती घरभर आहे. संध्याकाळ झाली की मी खिडक्या लावतो आणि डासांची बॅट घेऊन फिरतो. सुनंदा म्हणते, टेनिस पुरे. परवा तिला जरा कणकण वाटली, म्हणून थर्मामीटर लावला. तिने काढून बघितला.

"ताप नाहीये मला."

"तेच तर म्हणतोय मी!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला कळलं आणि आम्ही दोघंही पलंगाच्या कडेवर बसलो. घरात चढलेला ताप परवडला, उतरलेला नको, अशी आमची गत झालीय. फोन वाजला की मी आधी हॉलमधल्या खुर्चीचा हात धरतो, मग फोन घेतो.

तुझ्या तेराव्याला मुलुंडच्या घरात जेवणं उरकली आणि तुझा गावचा चुलतभाऊ म्हणाला की दिगूची सायकल गावाला पाठवा, पोरं चालवतील, नुसती गंजून जाईल. सरळ माणूस, सरळ बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सायकल गेली की वरंधाही गेला.

मंजू ताटं गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "द्यायची नाही. चालवायचीय."

"कोण चालवणार?"

"मी."

सुनंदा म्हणाली, "तू शेवटची सायकल कधी चालवलीस गं?"

"घाटकोपरला. भाड्याची. फ्रॉक घालत होते तेव्हा." ताटं खाली ठेवली तिने. "दिवाळीनंतर जायचं ठरलं होतं ना? मग जायचं. मीच त्यांना नको नको म्हणायचे. एकदा बघू दे मला काय आहे त्या घाटात."

मी म्हटलं, मंजू, तुला माहीत नाही, तिथे उतार आहे. ती म्हणाली, "मला सगळं माहितीय. रोज जेवताना तेच ऐकलंय. चढावर थोरले पुढे, उतारावर ते पुढे." आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, आता उतारावर पुढे कोण?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. थोरला जावई. आयुष्यभर मधले तुकडे खाल्लेला. दिगू, माझ्या मागे फक्त भिंत होती. मी मागे वळून बघितलं, म्हणून सांगतो.

मी 'मी' म्हणालो. धैर्य वगैरे काही नाही. नाही म्हणायची भीती त्या क्षणाला जास्त मोठी होती, एवढंच.

त्या रात्रीपासून मी रोज मनातल्या मनात वरंधा उतरतोय. मी पडलो तर पडलो, सुनंदा बोलून बोलून मला बरं करेल. पण मंजू माझ्या भरवशावर त्या घाटात येणार. तिने माझ्या पाठीकडे बघायचं आणि माझी पाठ जिथे जाईल तिथे जायचं. माझी पाठ! तिला स्वतःलाच कुठे जायचं ते ठाऊक नसतं. तुझ्या घरातून एक माणूस उतारावर गेला. दुसरं मी घेऊन जायचं? तिला थांबवायला मी गेल्या आठवड्यात मुद्दाम मुलुंडला गेलो. वाक्यं पाठ करून गेलो होतो. दार उघडलं तर ती जमिनीवर बसून तुझ्या सायकलची सीट खाली करत होती. तू उंच, ती तुझ्या खांद्याला. सीटच्या दांडीवर तुझ्या उंचीची खूण म्हणून तू लाल टेप गुंडाळली होतीस ना? सीट खाली सरकताना टेप मध्ये यायला लागली. मी म्हटलं, काढू का? ती म्हणाली, "नको." मग तिने सीट टेपपर्यंतच उतरवली, जेमतेम बोटभर. त्याखाली जाऊ दिली नाही.

"पाय पुरणार नाहीत, मंजू."

"टोकं पुरतात. बास झालं."

पाठ केलेली वाक्यं मी तशीच घरी परत आणली.

आज सकाळी आम्ही आरेत गेलो. ती टेम्पोने आली, सायकल मागे घालून. चेक नाक्यावर खरंच भरपूर उभे असतात. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला करकचून, डोक्यावर तुझं हेल्मेट आणि ते बसावं म्हणून आत नॅपकिन. दोनदा धडपडली, एका मॉर्निंग वॉकवाल्या काकांना घंटी वाजवून बाजूला उडवलं, वर "सॉरी हां!" म्हणून ओरडली. चढ निम्मा चालवून आणि निम्मा ढकलून चढली. मी पुढे होतो, नियमाप्रमाणे. माथ्यावर पोचलो आणि पलीकडे तो उतार.

मी थांबलो. बराच वेळ चेन बघत होतो. चेन उत्तम होती.

"भाऊजी, चला."

माझ्या समोर रिकामा रस्ता होता. निळा टी-शर्ट नाही, बेट नाही. तुझ्या पाठीपलीकडे एवढं दिसतं हे मला कधी कळलंच नव्हतं. आणि मला तेव्हा एक गोष्ट कळली, जी तुला सांगायची राहिलीच. मला सायकल कधीच आवडली नाही, दिगू. इतके रविवार मी फक्त ती पाठ बघायला येत होतो.

मी मान वळवून म्हटलं, "माझ्या पाठीकडे बघ. दरीकडे नको."

"इथे दरी कुठाय? तबेला आहे."

"तबेल्याकडे पण नको."

निघालो. दोन्ही ब्रेक आवळून, गोगलगायीच्या चालीने. रबर किंचाळत होते. मागे तिची घंटी, आधी एकदा, मग सारखी. "भाऊजी, ब्रेक सोडा ना! अहो, मी मागून आपटेन!" मला ऐकू येत होतं, पण बोटं ऐकत नव्हती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, हे मला माहीत होतं. मी थांबलो असतो तर ती पडली असती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या थांबण्याने कोणीतरी पडणार होतं.

घंटी अगदी कानाशी आली, आणि घाबरून तिच्या तोंडून घरात रोज ऐकलेलं नाव निसटलं.

"थोरले! सोड ना!"

थोरले, आणि तू. दोन्ही एकदम.

मी सोडला, दिगू. सगळा नाही. वारा कानात शिरला, तबेला आला आणि गेला, मागून तिचा ओरडण्याचा की हसण्याचा आवाज येत राहिला, आणि मी वळून बघितलं नाही, कारण पुढच्याने वळून बघायचं नसतं. तू कधी बघितलं नाहीस.

खाली माझी बोटं मंजूने सोडवली. दोन तेवढी अजून वाकडीच आहेत. हे लिहितानासुद्धा.